मतदानाच्या दिवसाची पहाट

(शिक्षक, शासकीय कर्मचारी व पंचायत सदस्य यांच्या मेळाव्यात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



पहाटे फिरावयास निघण्याची सवय असलेली चार-दोन माणसे प्रत्येक गावात असतात. कोणी निवृत्त शिक्षक असतो, कोणी डॉक्टरांच्या सांगण्यावरून चालू लागलेला व्यापारी असतो, तर कोणी पिकाला पाणी द्यावयास निघालेला शेतकरी. गाव जागे होण्याचा क्रम या माणसांना तोंडपाठ असतो. कोणाच्या घरातला दिवा आधी लागतो, दूध डेअरीवर पहिली किटली कोणाची येते, मुक्कामाची एस. टी. किती वाजता सुटते, हे सारे ती न विचारता सांगू शकतात. मतदानाच्या दिवशी मात्र या क्रमात एक फरक पडतो. एरवी सूर्य बराच वर आल्यावर उघडणारी इमारत त्या दिवशी सर्वांच्या आधी जागी झालेली असते. ती म्हणजे गावची शाळा.

शाळेत आदल्या सायंकाळपासूनच पाहुणे उतरलेले असतात. यंत्रे, शाई, मोहोरा, लाख, लिफाफे, नाना प्रकारचे नमुने आणि मतदारांच्या याद्या घेऊन मतदान पथक आलेले असते. त्यात कोणी दुसऱ्या तालुक्यातील शिक्षक असतो, कोणी पाटबंधारे खात्यातील लिपिक, कोणी कृषी खात्यातील कर्मचारी. वर्गातील बाके जोडून त्यांनी रात्री पाठ टेकलेली असते आणि पहाटे चारच्या सुमारास हातपंपावर तोंड धुऊन ते कामाला लागलेले असतात. फिरावयास निघालेला नागरिक कुंपणाशी क्षणभर थांबतो आणि आत पाहतो. भिंतीवर मुलांनी लिहिलेले पाढे व बाराखडी, खाली मांडलेली टेबले आणि कोपऱ्यात पुठ्ठ्याचा आडोसा. एवढ्या साध्या सामग्रीवर राज्याचे सरकार ठरावयाचे असते. त्या पहाटे विचारी माणसाच्या मनात जे येऊन जाते त्याचाच आज थोडा विस्तार करावयाचा आहे.

साडेपाचची कसोटी

मतदान सकाळी सात वाजता सुरू व्हावयाचे असेल तर त्याच्या दीड तास आधी, म्हणजे साडेपाच वाजता, अभिरूप मतदान घेतले जाते. उमेदवारांच्या मतदान प्रतिनिधींसमोर यंत्रावर निदान पन्नास मते नोंदविली जातात. प्रत्येक उमेदवारासमोरचे बटण दाबून पाहिले जाते. यंत्राने दाखविलेली बेरीज आणि छापील चिठ्ठ्यांची मोजणी यांचा मेळ घातला जातो. मग यंत्रातील ही सारी मते पुसून टाकली जातात. चिठ्ठ्यांवर अभिरूप मतदानाचा शिक्का मारून त्या काळ्या लिफाफ्यात मोहोरबंद होतात. यंत्र शून्यावर असल्याचे सर्वांना दाखवून ते मोहोरबंद केले जाते आणि कागदी मोहोरेवर प्रतिनिधींच्या सह्या घेतल्या जातात.

हे काम अंधारात, पेंगुळलेल्या डोळ्यांनी करावयाचे असते आणि म्हणूनच ते उरकून टाकण्याचा मोह होतो. अभिरूप मतदानाची मते पुसावयाची राहिली, तर सायंकाळी नोंदवहीतील संख्या व यंत्रातील संख्या जुळत नाहीत आणि एका केंद्राचा गोंधळ साऱ्या मतदारसंघाचा विषय होतो. प्रतिनिधींनीही हे ध्यानात घेतले पाहिजे. प्रचाराच्या काळात यंत्राविषयी तावातावाने बोलणारे अनेक कार्यकर्ते त्या दिवशी साडेपाचला अंथरुणात असतात. संशय घेण्याचा अधिकार प्रत्येकाला आहे. त्या संशयाची तपासणी करण्याची वेळही नियमाने ठरवून दिलेली आहे. ती वेळ चुकविणाऱ्याने पुढे वर्षभर तक्रार करीत राहावे, हे शोभून दिसत नाही.

रांगेतील समता

सात वाजण्यापूर्वीच दारात रांग उभी राहते. शेतावर, कारखान्यावर जाणारी माणसे आधी येतात. म्हातारी माणसे उन्हाच्या आत आटोपून घेण्यासाठी लवकर निघतात. या रांगेत जमीनदार आणि त्याच्याच बांधावर राबणारा मजूर एकामागे एक उभे असतात आणि आत गेल्यावर दोघांच्या मताचे वजन सारखेच भरते. आज हे इतके अंगवळणी पडले आहे की त्यातील नवल कोणाला जाणवत नाही.

इंग्रजी अमदानीत मत देण्याचा अधिकार मालमत्ता, शेतसारा, शिक्षण अशा अटींनी बांधलेला होता. ज्याच्या नावावर जमीन नाही आणि ज्याला शाळेची पायरी चढू दिलेली नाही, त्याला मतही नव्हते. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९२८ साली सायमन आयोगापुढे प्रौढ मताधिकाराची मागणी मांडली, त्यामागे हीच जाणीव होती. पुढे राज्यघटनेच्या ३२६ व्या अनुच्छेदाने तो अधिकार सर्वांना एकदम दिला. त्यासाठी कोणतीही पायरी ठेवली नाही. १९५१ च्या जनगणनेनुसार देशात साक्षरतेचे प्रमाण सुमारे १८ टक्के होते. अशा देशात सुमारे १७ कोटी ३० लाख मतदारांची निवडणूक घेण्याचे काम पहिले मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांच्यावर आले. मतदाराला वाचता येत नसेल तर चित्र ओळखता येईल, हा विचार करून उमेदवारांना चिन्हे देण्यात आली आणि प्रत्येक उमेदवारासाठी त्याच्या चिन्हाची वेगळी मतपेटी ठेवण्यात आली. निरक्षर माणूस मत देण्यास अपात्र आहे असे न मानता, त्याला मत देता येईल अशी व्यवस्था उभी करणे हे शासनाचे काम आहे, असे तेव्हा मानले गेले. आजही प्रत्येक मतदान अधिकाऱ्याने मनात बाळगावे असे हे सूत्र आहे. टेबलापाशी गोंधळून उभ्या राहिलेल्या वृद्धेवर खेकसणारा अधिकारी हे सूत्र विसरलेला असतो.

मताधिकाराचे वय प्रारंभी २१ वर्षे होते. एकसष्टाव्या घटनादुरुस्तीने २८ मार्च १९८९ पासून ते १८ वर्षे झाले. त्यामुळे आज रांगेत बारावीची परीक्षा नुकतीच दिलेला मुलगा आणि त्याची आजी एकत्र दिसतात. काही घरांत आजीला नातू केंद्रावर घेऊन येतो, तर काही घरांत नातवाला उठवून आणण्याचे काम आजीलाच करावे लागते.

बोटावरची रेघ

यादीत नाव सापडले, ओळख पटली की डाव्या हाताच्या तर्जनीवर शाईची रेघ ओढली जाते. ही शाई १९६२ च्या सार्वत्रिक निवडणुकीपासून वापरात आली. राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेने तिचे सूत्र तयार केले आणि म्हैसूर येथील सरकारी मालकीच्या रंगाच्या कारखान्यात ती तयार होऊ लागली. तिच्यात सिल्व्हर नायट्रेट असते. कातडीशी आणि उजेडाशी संयोग झाला की त्याचा काळसर डाग पडतो आणि नख वाढून पुढे जाईपर्यंत तो राहतो.

एका माणसाने एकदाच मत द्यावे, एवढाच या रेघेचा मूळ हेतू आहे. पुढे लोकांनीच तिला मान दिला. बोट दाखविणे ही अभिमानाची गोष्ट झाली. मात्र बोटावरची रेघ मतदान केल्याचे सांगते, कोणाला केले ते सांगत नाही, हे तिचे खरे मोल आहे. गावात जो तो एकमेकांचा देणेकरी असतो. कोणी उसने बियाणे घेतलेले असते, कोणी दवाखान्यासाठी हातउसने पैसे. अशा माणसाला आडोशामागचे ते अर्धे मिनिट कोणाच्याही उपकाराखाली नसते. म्हणून 'अमक्याने कोणाला मत दिले ते आम्हाला ठाऊक आहे' अशी धमकीवजा भाषा जो करतो, तो कायद्याने जपलेली गुप्तता मोडू पाहतो. शिक्षकांनी व सदस्यांनी लोकांना एवढे एकच नीट समजावून सांगितले तरी पुष्कळ दडपण कमी होईल.

यादीतील नाव

मतदानाच्या सकाळी सर्वांत केविलवाणा प्रसंग कोणता असेल, तर रांगेत तासभर उभे राहून टेबलापाशी आलेल्या माणसाला 'तुमचे नाव यादीत नाही' असे सांगावे लागते तो. त्या क्षणी मतदान केंद्राध्यक्षाच्या हाती काहीही नसते. ओळखपत्र जवळ असले तरी यादीत नाव नसेल तर मत देता येत नाही. माणूस ओशाळून परत फिरतो, आणि ज्या गावात साठ वर्षे काढली त्या गावात आपण मोजले गेलो नाही, ही भावना घेऊन घरी जातो.

या दुःखाचा इतिहास पहिल्या निवडणुकीपर्यंत मागे जातो. मतदारयाद्यांचे काम राज्यघटना अंमलात येण्याच्याही आधी, १९४८ पासून चालू झाले होते. नोंद करावयास कर्मचारी दारात गेले तेव्हा अनेक स्त्रियांनी आपले नाव सांगितले नाही. अमक्याची पत्नी, तमक्याची आई, एवढीच ओळख त्यांनी दिली, कारण परक्या पुरुषाला नाव सांगण्याची रीत नव्हती. निवडणूक आयोगाने अशी नोंद मान्य केली नाही. मतदाराला स्वतःचे नाव असलेच पाहिजे, असा त्याचा आग्रह होता. परिणामी सुमारे आठ कोटी स्त्री मतदारांपैकी जवळजवळ २८ लाख स्त्रियांची नावे त्या वेळी यादीतून वगळावी लागली. निर्णय कठोर होता, परंतु त्याचा परिणाम पुढच्या निवडणुकांत दिसला. घराघरांतील स्त्रिया स्वतःच्या नावाने यादीत आल्या. आज महाराष्ट्रातील पंचायत राज्य संस्थांत निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखीव आहेत. तेथवर येण्याच्या वाटेत आपले नाव उच्चारणे ही पहिली पायरी होती.

आता नाव नोंदविण्याची सोय पुष्कळ वाढली आहे. पूर्वी केवळ १ जानेवारी हा एकच अर्हता दिनांक होता. २०२२ पासून १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर असे चार दिनांक झाले. सतरा वर्षे पूर्ण झालेल्या मुलामुलींना आगाऊ अर्ज करता येतो. तरीही नावे गळतात. विवाह होऊन आलेल्या सुनेचे नाव माहेरीच राहते. भाड्याचे घर बदलले की जुन्या पत्त्यावरचे नाव कमी होते आणि नव्या पत्त्यावर चढत नाही. मृत माणसाचे नाव मात्र वर्षानुवर्षे टिकते. मतदान केंद्रस्तरीय अधिकारी म्हणून काम करणारी व्यक्ती बहुधा शिक्षक किंवा अंगणवाडी सेविका असते आणि तिच्यावर इतरही कामांचा भार असतो. तिला घरोघर फिरताना पंचायत सदस्याने सोबत केली, वाडी-वस्तीवर कोण नवीन आले, कोण गेले हे सांगितले, तर यादी कितीतरी शुद्ध होईल. प्रारूप यादीचे ग्रामसभेत वाचन झाले तर मतदानाच्या सकाळचे निम्मे तंटे उद्भवणारच नाहीत.

फडावर गेलेली माणसे

फिरावयास निघालेल्या माणसाला काही घरांना कुलुपे दिसतात. बीड जिल्ह्यात आणि मराठवाड्याच्या इतर कोरडवाहू भागांत दिवाळीच्या सुमारास असे दृश्य दिसते. ऊसतोडणीच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात गेलेल्या असतात. मागे म्हातारी माणसे आणि काही मुले राहतात. २०२४ साली विधानसभेचे मतदान २० नोव्हेंबर रोजी झाले आणि गळीत हंगामाची सुरुवात १५ नोव्हेंबरची ठरलेली होती. ज्याचे नाव यादीत बिनचूक आहे, ज्याची मत देण्याची इच्छाही आहे, असा माणूस त्या सकाळी दुसऱ्या जिल्ह्यातील फडावर कोयता हाती घेऊन उभा असणार, हे उघड होते.

तात्पुरते बाहेरगावी गेल्यामुळे कोणाचा मूळ गावचा रहिवास संपत नाही आणि त्या कारणाने त्याचे नाव कमी करता येत नाही, हे कायद्यात स्पष्ट आहे. परंतु नाव राहिले तरी माणूस तेथे पोहोचावयास हवा. मजुरी टनावर मिळते. गावी जाऊन येण्यात दोन-तीन दिवसांची कमाई बुडते आणि भाडेही खर्ची पडते. उमेदवाराने गाडी पाठविली तर तेही बेकायदा, कारण मतदारांना वाहनाने नेणे-आणणे हे कायद्याने भ्रष्ट आचरण ठरते. स्थलांतरितांना आहे त्या ठिकाणाहून मत देता यावे यासाठी निवडणूक आयोगाने जानेवारी २०२३ मध्ये दूरस्थ मतदान यंत्राचा प्रस्ताव राजकीय पक्षांपुढे ठेवला होता, परंतु त्यावर सहमती झाली नाही.

येथे पहिल्या निवडणुकीची पुन्हा आठवण होते. देशाच्या बहुतेक भागांत त्या वेळी मतदान १९५२ च्या सुरुवातीस झाले. हिमाचल प्रदेशातील चिनी तहसिलीत मात्र ते २५ ऑक्टोबर १९५१ रोजीच घेण्यात आले, कारण पुढे बर्फ पडून वाटा बंद होणार होत्या. निसर्गाच्या वेळापत्रकाचा मान राखला गेला. पोटासाठी गाव सोडण्याचेही एक वेळापत्रक असते आणि तेही दरवर्षी ठाऊक असलेलेच असते. विधानसभेची मुदत २६ नोव्हेंबर २०२४ रोजी संपत होती, त्यामुळे निवडणूक लांबविणे शक्य नव्हते, हे खरे. तथापि कारखान्यांनी, मुकादमांनी आणि प्रशासनाने आधी एकत्र बसून टोळ्या निघण्याचा दिवस चार-सहा दिवसांनी पुढे नेणे हा स्थानिक शहाणपणाचा भाग होता. पुढील वेळी तो दाखविता येईल. नर्मदेच्या जलाशयाकाठी नंदुरबार जिल्ह्यातील मणिबेली येथे राज्यातील पहिल्या क्रमांकाचे मतदान केंद्र आहे आणि तेथे मतदान पथक बोटीने जाते. वृद्धांच्या व दिव्यांगांच्या घरी जाऊन मत घेण्याची सोयही आता झाली आहे. एवढे जर साधते, तर ऊसतोड कामगाराच्या मताचा मार्गही शोधता येईल.

एकोपा आणि लिलाव

ग्रामपंचायतीची निवडणूक आली की आणखी एक प्रश्न पुढे येतो. गावात तंटे नकोत, म्हणून निवडणूक बिनविरोध करावी, असे जाणती माणसे सुचवितात. खुल्या चर्चेतून, सर्व वस्त्यांना विश्वासात घेऊन एकमत झाले तर त्यात वावगे काही नाही. परंतु एकोप्याच्या नावाखाली कधी कधी वेगळेच घडते. २०२१ च्या जानेवारीत राज्य निवडणूक आयोगाने नाशिक जिल्ह्यातील उमराणे आणि नंदुरबार जिल्ह्यातील खोंडामळी या दोन ग्रामपंचायतींच्या निवडणुका रद्द केल्या. तेथे सरपंचपदाचा लिलाव झाल्याचे उघडकीस आले होते. पैसा देवळासाठी वापरावयाचा होता, असे सांगण्यात आले. कार्य कितीही पवित्र असो, त्यासाठी जे विकले गेले ते लिलाव बोलणाऱ्यांच्या मालकीचे नव्हते. ते प्रत्येक मतदाराचे होते आणि त्याला कोणी विचारले नव्हते.

ज्याने पद विकत घेतले तो उद्या ग्रामसभेला कशासाठी उत्तर देईल? आणि ज्या गरिबाचे मत कोणाला लागलेच नाही, त्याच्या वस्तीवरील नळाची चौकशी करावयास कोण येईल? मतदान झाले की उमेदवाराला प्रत्येक दारापुढे उभे राहावे लागते. पाच वर्षांतून एकदा का होईना, वस्तीवरचा चिखल त्याच्या पायाला लागतो. हा चिखलही लोकशाहीच्या कामाचा आहे.

शहराची सुट्टी

खेड्यांविषयी इतके बोलल्यावर शहरांकडे पाहिले पाहिजे. २०२४ च्या विधानसभा निवडणुकीत राज्यात सुमारे ९ कोटी ७० लाख मतदार होते आणि एक लाखाहून अधिक मतदान केंद्रे होती. राज्यात सरासरी सुमारे ६६ टक्के मतदान झाले. कोल्हापूर जिल्ह्यात ते ७६ टक्क्यांच्या पुढे गेले आणि मुंबई शहर जिल्ह्यात ५२ टक्क्यांच्या आसपास राहिले. शहरात मतदान केंद्र हाकेच्या अंतरावर असते, रस्ते असतात, वाहने असतात. मतदानासाठी पगारी सुट्टी मिळावी अशी तरतूद कायद्यात आहे. तरीही तेथे रांग आखूड राहते. याचे सारे खापर आळसावर फोडणे सोपे आहे. एकाच शहरात घरे बदलत राहिल्यामुळे नाव भलत्याच भागात असणे, शेजाऱ्याची ओळख नसणे आणि आपल्या एका मताने काही घडत नाही असे वाटणे, ही कारणेही तितकीच खरी आहेत. तथापि ज्याला सुट्टी मिळते आणि केंद्र जवळ असते त्याने ती सकाळ सहलीत घालवावी, आणि ज्याला एका दिवसाची मजुरी बुडवावी लागते त्याने मैलभर चालत यावे, ही विषमता मनाला टोचल्यावाचून राहत नाही.

दुसऱ्या दिवशी

सायंकाळी मतदानाची वेळ संपते तेव्हा जी माणसे रांगेत उभी असतात त्यांना चिठ्ठ्या दिल्या जातात. त्या वाटण्याची रीत पाहण्यासारखी आहे. पहिला क्रमांक रांगेच्या शेवटी उभ्या असलेल्या माणसाला मिळतो आणि तेथून पुढे वाटप होते, म्हणजे मागाहून कोणी घुसू शकत नाही आणि वेळेत आलेला कोणी राहूनही जात नाही. शेवटच्या माणसापासून मोजणी सुरू करण्याची ही पद्धत केवळ व्यवस्थेची सोय म्हणून आली असेल. कारभार करणाऱ्यांनी मात्र तिच्याकडून वर्षभर शिकण्यासारखे आहे.

निकाल लागतो, गुलाल उधळला जातो आणि गाव पुन्हा आपल्या क्रमाला लागते. ज्यांनी परस्परविरोधी पक्षांचे काम केले ते एकाच पाणंदीने शेतावर जातात आणि एकाच विहिरीवर त्यांच्या पाण्याच्या पाळ्या असतात. मतभेद तेथेच सोडून देता आले पाहिजेत. सदस्यांनी लक्षात ठेवावे की ज्याने मत दिले नाही त्याचाही रस्ता, त्याचेही रेशन आणि त्याचाही दाखला त्यांच्याच हाती असतो.

अधिकाऱ्यांनी नियम चोख पाळावेत, शिक्षकांनी वर्गातील मोठ्या मुलांना मतदारयादी वाचून दाखवावी आणि पंचायत सदस्यांनी आपल्या प्रभागात कोणाचे नाव राहिले, कोण फडावर किंवा वीटभट्टीवर गेले आहे, याची एक साधी वही ठेवावी. या कामांना मोठा खर्च लागत नाही आणि त्यांची वेळ निवडणूक जाहीर होण्याच्या पुष्कळ आधीच असते. ती वही आजच उघडावी, एवढीच आपणा सर्वांना विनंती आहे.